डॉक्टरांचा थोरला मुलगा

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला आधी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली त्या तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. पण त्यांच्या आधी शंभर वर्षंसुद्धा हे गाव डॉक्टरांचंच होतं. अमेरिकेतलं एक अगदी जुनं इस्पितळ तिथलं, १७५१ चं. पहिलं वैद्यकीय शिक्षणही तिथेच सुरू झालं, १७६५ साली. आणि त्या काळात तिथे सगळ्यांना माहीत असलेलं नाव होतं डॉ. बेंजामिन रश.

गेले काही महिने मी या माणसाच्या मागे लागले आहे. घरात आता "तुझे रश काय म्हणतात?" अशी चेष्टाही सुरू झाली आहे. हसू देत. हा माणूस मला एकाच वेळी आवडतो आणि त्याचा रागही येतो, म्हणूनच त्याच्यावर लिहावंसं वाटलं.

बेंजामिनचा जन्म १७४६ च्या जानेवारीत, फिलाडेल्फियाजवळच्या बायबेरी या खेड्यात. वडील शेती करायचे आणि बंदुका बनवायचे. बेंजामिन पाच वर्षांचा असताना ते गेले. मागे त्याची आई, सुझाना, आणि पदरात लहान लहान मुलं. बाई रडत बसल्या नाहीत. त्यांनी फिलाडेल्फियात किराणा मालाचं दुकान टाकलं आणि त्यावर मुलांना शिकवलं. आठव्या वर्षी बेंजामिनला मावशीच्या यजमानांच्या शाळेत ठेवलं. हे सॅम्युएल फिन्ली धर्मोपदेशक होते आणि शिस्तीचे मास्तरही. पोरगा इतका हुशार की चौदाव्या वर्षी पदवी घेऊन मोकळा! मग पाचेक वर्षं एका डॉक्टरांच्या हाताखाली उमेदवारी केली, आणि पुढे समुद्र ओलांडून एडिंबरो गाठलं. १७६८ साली तिथून एम.डी. होऊन तो परत आला आणि तेविसाव्या वर्षी रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला.

दुकान चालवणाऱ्या एका विधवा बाईचा हा मुलगा. मला वाटतं, या माणसात जी जबरदस्त उमेद होती, ती त्या दुकानाच्या गल्ल्यावरूनच आलेली असणार.

१७७६ च्या जानेवारीत रश यांचं लग्न झालं. ते तीस वर्षांचे, नवरी ज्यूलिया स्टॉकटन सोळा वर्षांची. (तेव्हा तिकडेही असंच होतं बरं का!) ज्यूलियाचे वडील रिचर्ड स्टॉकटन प्रिन्स्टनचे मोठे वकील, आई अॅनिस कविता लिहायची. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या झाल्या, त्यात सासरे आणि जावई दोघांच्याही सह्या आहेत. लग्न लावणारे पाद्री विदरस्पून यांचीही सही त्यावर आहे. म्हणजे लग्नाच्या मांडवातले तीन जण त्या एका कागदावर! सासऱ्यांना त्या सहीची किंमत मोजावी लागली. इंग्रजांनी त्यांना पकडून तुरुंगात टाकलं. सुटून आले ते खचूनच आले, आणि १७८१ साली गेले.

ज्यूलिया आणि बेंजामिन यांना तेरा मुलं झाली. त्यातली चार लहानपणीच गेली, नऊ मोठी झाली. थोरला जॉन, १७७७ चा. या जॉनबद्दलच मला खरं तर बोलायचं आहे. पण त्याआधी त्याचे वडील कसे होते ते नीट कळलं पाहिजे.

रश यांचा सगळ्यात मोठा गुण आणि सगळ्यात मोठा दोष एकच होता. तो म्हणजे खात्री. एकदा एखादी गोष्ट पटली की पटली. १७७३ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली, तीही पेशंट तुटतील याची पर्वा न करता. आणि याच माणसाने पुढे विल्यम ग्रबर नावाचा एक गुलाम स्वतः बाळगला! त्याला मुक्त केलं ते १७९४ साली. कशी सांगड घालायची याची? मला तरी घालता येत नाही. जसं आहे तसं सांगते.

१७९३ चा उन्हाळा. फिलाडेल्फिया तेव्हा अमेरिकेची राजधानी होती, वस्ती सुमारे पन्नास हजार. कॅरिबियन बेटांवरच्या बंडाळीतून पळालेल्या लोकांची जहाजं बंदराला लागली आणि त्यांच्याबरोबर पीतज्वर आला. ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत चार ते पाच हजार माणसं मेली. दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनसकट ज्यांना ज्यांना शक्य होतं, त्यांनी गाव सोडलं. रश यांनी बायको-मुलांना न्यू जर्सीत ठेवलं आणि स्वतः मात्र गावातच राहिले. दिवसाला शंभराच्या वर रोगी तपासायचे. रात्री दमूनभागून ज्यूलियाला पत्र लिहायचे. त्यांच्याजवळ राहणाऱ्या पाच शिकाऊ मुलांपैकी तीन मुलं या तापात गेली. सख्खी बहीण रिबेका गेली. स्वतः आजारी पडले, उठले, पुन्हा कामाला लागले. हे वाचताना हात जोडावेसे वाटतात.

आणि आता दुसरी बाजू. ते उपचार काय करत होते? कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं औषध, आणि जालप नावाचं जहाल रेचक. वर शीर तोडून रक्त काढायचं. थोडंथोडकं नव्हे, भरपूर. माणसाच्या अंगात मुळात रक्त किती असतं याचा त्यांचा अंदाजच चुकलेला होता. पण खात्री? पक्की! आज आपल्याला कळतं की ज्यांना त्यांनी वाचवायला धाव घेतली, त्यातल्या अनेकांची उरलीसुरली ताकद त्यांनीच काढून घेतली. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, अशीही त्यांची समजूत होती. त्यावर विसंबून त्यांनी आफ्रिकी समाजातल्या अॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अॅलन या पुढाऱ्यांना शुश्रूषेसाठी माणसं द्यायची विनंती केली. ती माणसं धीराने पुढे आली, आणि त्यांच्यातलेही शेकडो लोक मेले.

गंमत म्हणू की काय म्हणू... त्या वर्षी गावात डास फार झाले होते, अशी नोंद रश यांनी स्वतःच करून ठेवली आहे. पण दोष दिला तो धक्क्यावर कुजत पडलेल्या कॉफीला. डासांचा आणि पीतज्वराचा संबंध सिद्ध व्हायला १९०० साल उजाडावं लागलं.

कॉबेट नावाच्या एका पत्रकाराने रश यांच्या रक्त काढण्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. रश यांनी बदनामीचा दावा लावला आणि जिंकला. पाच हजार डॉलरची भरपाई! निकालाची तारीख होती १४ डिसेंबर १७९९. त्याच दिवशी, तिकडे आपल्या घरी, जॉर्ज वॉशिंग्टन मरण पावले. घशाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी त्यांचं एका दिवसात चार वेळा रक्त काढलं होतं.

असो. आता त्यांच्या कामाचा तो भाग, ज्यासाठी आज त्यांची आठवण काढतात.

१७८३ साली रश पेनसिल्व्हेनिया इस्पितळात काम करू लागले. तिथे वेडी समजली जाणारी माणसं तळघरातल्या कोठड्यांत ठेवलेली असायची. थंडी, ओल, साखळ्या. बाहेरचे लोक पैसे देऊन त्यांना बघायला यायचे. हो, जसं आपण प्राणिसंग्रहालयात जातो तसं. रश यांना हे सहन झालं नाही. १७८९ साली त्यांनी इस्पितळाच्या कारभाऱ्यांना पत्र लिहिलं की या कोठड्या माणसांना राहण्यालायक नाहीत. त्यांनी आणि इतरांनी पाठपुरावा केला, सरकारातून पैसे मिळाले आणि १७९६ साली या रोग्यांसाठी इस्पितळाचा नवा भाग उभा राहिला. वेड म्हणजे भूतबाधा नाही, पापाचं फळ नाही, तो एक आजार आहे, हे त्यांचं म्हणणं. आज आपल्याला यात काय मोठं, असं वाटेल. पण तेव्हा फार थोडे लोक असं म्हणत होते.

१७९६ हे साल लक्षात ठेवा. कारण त्याच वर्षी त्यांचा थोरला मुलगा जॉन घराबाहेर पडला, आणि तो आला कुठे? आपल्याकडे, हिंदुस्थानात!

१७८० च्या दशकापासून अमेरिकन जहाजं आपल्याकडे व्यापाराला येऊ लागली होती. जॉन वडिलांच्याच हाताखाली डॉक्टरकी शिकत होता. अठराव्या वर्षी त्याला कलकत्त्याला जाणाऱ्या जहाजावर वैद्य म्हणून जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, आईवडिलांनी बसून त्याच्यासाठी उपदेशाचा एक कागद लिहिला. तो कागद आजही टिकून आहे. देवाधर्माचं काय करायचं, तब्येत कशी सांभाळायची, दारूपासून लांब कसं राहायचं, काय शिकायचं, पैसे कसे जपायचे, सगळं मुद्देसूद. परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींना आपण विमानतळावर जे सांगतो, तेच! पण शेवटी डॉक्टरांतला बाप बोलतो. कधी वाईट वागण्याचा मोह झालाच, तर डोळ्यांसमोर असं आण, की तुझे आईवडील तुझ्यापुढे गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून, तसं करू नकोस म्हणून तुला विनवताहेत.

मी हे वाचलं आणि त्या दिवशी पुढे काही वाचलं नाही.

जॉन परत आला. नौदलात गेला, ते सोडून डॉक्टरकीकडे वळला, पुन्हा नौदलात गेला. कुठेच बूड स्थिर नाही, असं दिसतं. १८०७ साली तो न्यू ऑर्लिन्सला होता. तिथे त्याच्याच एका मित्राशी त्याचं भांडण झालं आणि गोष्ट द्वंद्वावर गेली. त्या काळच्या इभ्रतीच्या खुळचट कल्पना! १ ऑक्टोबर १८०७ ला दोघं पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. जॉनच्या गोळीने मित्र मेला.

आणि त्यानंतर जॉनचं मन कायमचं फाटलं.

१८१० च्या फेब्रुवारीत त्याला घरी आणलं. केस विस्कटलेले, दाढी वाढलेली, नखं लांबच लांब. आईने मिठी मारली, वडिलांनी मारली, भावंडं जवळ आली, सगळे रडले. तो एक शब्द बोलला नाही. काही दिवसांतच त्याला पेनसिल्व्हेनिया इस्पितळात दाखल केलं. वडिलांच्या इस्पितळात. वडिलांनीच भांडून उभ्या केलेल्या त्या भागात.

म्हणजे बघा, १७९६ साली एकीकडे मुलगा जहाजावर चढत होता आणि दुसरीकडे त्या इमारतीत पहिले रोगी राहायला जात होते. बापाला काय कल्पना असणार!

पुढची तीन वर्षं देशातला सगळ्यात नावाजलेला डॉक्टर आपल्याच मुलाला बरं करायची धडपड करत होता. त्यांचा सिद्धान्त असा की वेडाचं मूळ मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत आहे. त्यामुळे उपचार पुन्हा तेच, रक्त काढणं आणि रेचकं. याच सुमारास त्यांनी एक खुर्चीही बनवून घेतली होती, रोग्याचे हातपाय बांधून आणि डोक्यावर लाकडी खोकं बसवून त्याला 'शांत' करणारी. तिचं चित्र पाहून आज अंगावर काटा येतो. त्यांना मात्र ती साखळ्यांपेक्षा सौम्य वाटत होती. १८१२ साली त्यांचा मनाच्या रोगांवरचा ग्रंथ छापून आला. अमेरिकेत या विषयावरचं ते पहिलं पाठ्यपुस्तक. तो छापला जात होता तेव्हा लेखकाचा थोरला मुलगा त्याच गावात, त्याच इस्पितळात, येरझाऱ्या घालत होता.

ग्रंथाने मुलगा बरा झाला नाही. खात्रीनेही झाला नाही.

पण या तीन वर्षांतल्या दोन गोष्टींमुळे माझा या माणसावरचा राग बराचसा गेला.

पहिली गोष्ट अशी. जॉन दाखल झाल्यावर सात महिन्यांनी, सप्टेंबर १८१० मध्ये, रश यांनी इस्पितळाच्या कारभाऱ्यांना पुन्हा एक पत्र लिहिलं. यात मागण्यांची यादीच आहे. रोग्यांना हाताला काम द्या, व्यायाम आणि करमणूक द्या. त्यांच्याशी बोलायला, त्यांच्याबरोबर बसायला समजूतदार माणसं नेमा. ऊठसूट कोणालाही आत सोडू नका. नीट अंथरुणं द्या, घाण वेळच्या वेळी हलवा. यात रक्त काढण्याचं काही नाही! ज्याचं माणूस आत आहे, त्यालाच सुचतील अशा या मागण्या. डॉक्टर रश यांचे उपचार केव्हाच कालबाह्य झाले. पण ही यादी घेऊन आजच्या कुठल्याही मनोरुग्णालयात जा, ती तशीच्या तशी लागू पडेल.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी मुलाचा आजार लपवला नाही. जॉन अॅडम्स आणि थॉमस जेफरसन हे दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष, रश यांचे जुने मित्र. दोघांनाही त्यांनी पत्रांतून सांगितलं की माझ्या मुलाचं असं असं झालं आहे. याच काळात ते या दोघांतलं दहा-बारा वर्षांचं भांडण मिटवण्याच्या मागे होते आणि १८१२ च्या जानेवारीत ते त्यांनी मिटवलंही. लोकांची घरं सांधत होते. स्वतःच्या घरातली चीर मात्र सांधता आली नाही, पण ती झाकूनही ठेवली नाही.

१८१३ च्या एप्रिलमध्ये डॉ. रश यांना ताप आला आणि पाच दिवसांत, १९ एप्रिलला, ते गेले. वय ६७. शेवटच्या दुखण्यातही त्यांनी स्वतःचं रक्त काढायला लावलं. निदान जे दुसऱ्यांना दिलं तेच स्वतः घेतलं, एवढं तरी म्हणावंच लागेल.

बाकी मुलांचं छान झालं. दुसरा मुलगा रिचर्ड अॅटर्नी जनरल झाला, इंग्लंडमध्ये अमेरिकेचा वकील होता, मग अर्थमंत्री. जेम्स डॉक्टर झाला. माणसाच्या आवाजावर त्याने १८२७ साली एक मोठा ग्रंथ लिहिला, आणि मरताना आपली संपत्ती फिलाडेल्फियाच्या ग्रंथालयाला देऊन गेला. एमिली कॅनडात दिली, आणि मेरीने तर चक्क इंग्रज फौजेतल्या अधिकाऱ्याशी लग्न केलं. जाहीरनाम्यावर सही करणाऱ्याची लेक!

आणि जॉन? तो त्याच इस्पितळात सत्तावीस वर्षं राहिला. सांगतात की तो एकाच जागी इतक्या येरझाऱ्या घालायचा की पायाखालची जमीन झिजली, आणि लोक तिला 'रशची वाट' म्हणू लागले. १८३७ च्या ऑगस्टमध्ये तो तिथेच वारला. तेव्हा रिचर्ड लंडनमध्ये होता. स्मिथसन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने अमेरिकेला दिलेला पैसा ताब्यात घ्यायला त्याला पाठवलं होतं. पुढच्या वर्षी तो लाखाहून जास्त सोन्याची नाणी घेऊन परतला. आज जगप्रसिद्ध असलेली स्मिथसोनियन संस्था उभी राहिली ती त्या पैशावर. एक भाऊ असा, एक तसा. आई एकच. ज्यूलिया १८४८ साली गेली, वयाच्या ८९ व्या वर्षी. सोळाव्या वर्षी लग्न करून आलेली ही बाई पस्तीस वर्षं वैधव्यात जगली, आणि तिने थोरल्या मुलाचा मृत्यूही पाहिला. तिच्या मनात काय होतं ते कोणत्या इतिहासात मिळणार?

१९६५ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने रश यांना 'अमेरिकन मानसोपचाराचे जनक' म्हणून गौरवलं. मला विचाराल तर त्यांच्या सिद्धान्तासाठी नव्हे, त्या १८१० च्या यादीसाठी आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रांसाठी हा मान त्यांना शोभतो. मुलगा बरा होत नाही हे दिसत असताना त्याला अंथरूण, काम आणि सोबत मिळावी म्हणून भांडत राहणं, आणि लोकांत त्याचं नाव घेत राहणं. तेवढंच हातात होतं. तेवढं त्यांनी केलं.

हे सगळं लिहिण्यामागे एक घरगुती कारणही आहे. आपल्या घराण्याची वंशावळ माझ्याकडे आली आहे, हे इथे वाचणाऱ्या नातेवाईकांना ठाऊक आहे. तिच्यात आजोबांच्या पिढीत चार भाऊ आहेत. तिघांपुढे शिक्षण, नोकरी, गाव, बायको, मुलं. चौथ्यापुढे काहीच नाही, फक्त नाव. लहानपणी मोठ्यांच्या बोलण्यात 'माडीवरचे काका' असा उल्लेख एकदोनदा कानावर आला होता आणि लगेच विषय बदलला गेला होता. कोणाला दोष देत नाही. मुलींची लग्नं व्हायची होती, गाव लहान होतं. पण आता ती लग्नंही झाली आणि त्या मुलींना पणतवंडंही झाली. आता कोणाची अब्रू जायची राहिली आहे?

तर काका, आत्या, ताई, ज्याला जे आठवत असेल ते मला कळवा. त्यांना काय आवडायचं, ते कसे दिसायचे, जेवण कोण नेऊन द्यायचं, काहीही चालेल. त्या नावापुढे दोन ओळी लिहायच्या आहेत.